रिकेटी म्हणजे नुसतं डळमळीत नाही

भाचीच्या इंग्लिशच्या धड्यात रिकेटी शब्द आला, तिने मोबाईलवर बघितलं आणि वहीत लिहिलं डळमळीत, मग शेकी बघितलं तर ते पण डळमळीत, वॉबली पण डळमळीत. मला म्हणे मामा, एकाच अर्थाला तीन शब्द कशाला? प्रश्न अगदी बरोबर आहे तिचा आणि चूक त्या अर्थ देणाऱ्यांची आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

मी तिला अंगणात नेलं. अमळनेर तालुक्यातलं आमचं धाब्याचं घर (धाबं म्हणजे मातीचं सपाट छप्पर), मे महिना, माय कुरडयांचं पातेलं घेऊन धाब्यावर जायच्या तयारीत आणि भिंतीला बाभळीची जुनी निसनी लावलेली (निसनी म्हणजे शिडी). भाचीने पहिल्या दांडीवर पाय ठेवला तर दांडी भोकातल्या भोकात फिरली, कुईं आवाज झाला, वरच्या दोन दांड्या पण हलल्या, माय लगेच ओरडली, "नको चढू वं, निसनी हालस, पडी जाशी!"

म्हटलं बघ, हे रिकेटी. जमीन सपाट आहे, पाय दोन्ही सारखे आहेत, पण सांधेच ढिले झालेत, उन्हाने लाकूड सुकून आकसलं की दांडी भोकात सैल होते. आपला खरा शब्द खिळखिळा. म्हणून रिकेटी चेअर, रिकेटी ब्रिज, रिकेटी जिना असं म्हणतात, जुनं झालेलं, कधीही मोडेल असं. चांगल्या नव्या टेबलाचा एक पाय आखूड असेल आणि ते डुगडुगत असेल तर ते वॉबली, खाली कागदाची घडी सरकवली की झालं काम. आणि हात थरथरतात, आवाज कापतो त्याला शेकी, मायचे हात सुईत दोरा ओवताना होतात ना तसे, तिथे रिकेटी हँड्स लिहिलंस तर चुकलंच.

रिकेटी आलाय रिकेट्सवरून, रिकेट्स म्हणजे मुडदूस. ड जीवनसत्त्व कमी पडलं की वाढत्या मुलांची हाडं मऊ राहतात आणि अंगाच्या वजनाने पाय वाकतात. फ्रान्सिस ग्लिसन नावाच्या इंग्लिश डॉक्टरने १६५० मध्ये या रोगावर लॅटिनमध्ये अख्खं पुस्तक लिहिलं होतं. मला हे फार आवडतं, की पोरांच्या कच्च्या हाडांचं दुखणं त्या भाषेने खुर्चीला, जिन्याला लावलं, आपण पण म्हातारपणी शरीर खिळखिळं झालं म्हणतोच की, आपल्याकडे फक्त उलटं झालं, वस्तूचा शब्द माणसाला लागला.

भाचीने डळमळीत खोडून खिळखिळा लिहिलं आणि खाली वाक्य, द निसनी इज रिकेटी. लॅडर लिही म्हटलं तर नाही म्हणे, निसनीच राहू दे. मी पण राहू दिलं.

रात्री निसनी आडवी टाकून सांध्यांना ओली पोती गुंडाळली, दोनदा वरून पाणी मारलं. सकाळपर्यंत लाकूड फुगलं, दांडी हाताने फिरवून बघितली तर हलेना, मग आधी मी चढलो आणि मायने खालून पातेलं वर दिलं.