कांद्याच्या सालीतला लाल

जर्मनीतल्या लाइपझिगमधल्या एका बालवाडीच्या स्वयंपाकघरात मी काम करते. ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी मुलांच्या हातात रंगीत अंडी पडायला हवीत, कारण शुक्रवारपासून सुट्टी. दरवर्षी दुकानातल्या रंगाच्या गोळ्या यायच्या. 2025 मध्ये मी हट्टच धरला, यंदाचे रंग माझ्या पातेल्यातून निघतील. सहकारीण म्हणाली, "कशाला एवढा खटाटोप?" दिवसभर लाल कोबी चिरायचा आणि त्याच्या रंगाला खटाटोप म्हणायचं, हे मला पटत नाही.

बुधवारी, 16 एप्रिलला, हळद, लाल कोबी आणि बीट अशी तीन पातेली चढवली. अंडी मुद्दाम पांढरी मागवली होती. तपकिरी अंडी केकसाठी बाजूला सारली. उकडलेली अंडी व्हिनेगरने पुसून घेतली. वरचा पातळ थर निघाला की रंग नीट धरतो. व्हिनेगर जास्त झालं तर मात्र कवचच विरघळू लागतं, बुडबुडे येतात आणि रंग अंगठ्यासरशी निघतो.

कोबीचं जांभळं पाणी व्हिनेगर पडताच गुलाबी झालं. गुलाबी अंडी मिळणार म्हणून मुलं नाचायला लागली. मी म्हटलं, थांबा. दोन तासांनी बाहेर आलं ते आकाशी निळं! चुना लागला की हळद लाल होते ना, तशीच कवचातली चुनखडी कोबीच्या रंगाला निळं करते. कोथिंबिरीचं पान अंड्यावर चिकटवून, वर जुना नायलॉनचा पायमोजा ताणून बांधला होता. निळ्यावर ते पान पांढरंशुभ्र उमटलं. शेवटी तेलाचा हात फिरवला. त्या अंड्यांचा मला फार अभिमान वाटला.

चार वर्षांच्या एका मुलीला मात्र लालच हवं होतं. "याया करते तसं." तिचं कुटुंब ग्रीक, याया म्हणजे आजी. बीट आहे की, असं म्हणून मी तिला शब्द दिला. बीटचा रंग उकळीत मरतो हे मला ठाऊक असायला हवं होतं. अंडं मळकट, विटकरी निघालं. ती रडली नाही, नुसती बघत राहिली. तेच अजून मनातून जात नाही.

संध्याकाळी आजी न्यायला आल्या. अंडं हातात घेऊन म्हणाल्या, "बीट नाही. कांद्याची सालं. पिवळ्या कांद्याची, खूप. आणि अंडी तपकिरी घ्या."

तपकिरी! जी मी बाजूला सारली होती.

घरी शिजवलेलं आणायला आमच्याकडे बंदी आहे. नियम चांगला, पण त्या रात्री जाचला. गुरुवारी सहालाच पोचले, पोतंभर कांद्यांची सालं सोलून काढली, व्हिनेगर घातलं, चाळीस मिनिटं उकळून गाळलं आणि त्यातच तपकिरी अंडी मंद आचेवर ठेवली. रंग गडद तांबडा आला, जुन्या सागवानासारखा. त्याच दिवशी यायाच्या घरीही अंडी रंगत होती, कारण त्या वर्षी आमचा पाश्चात्त्य आणि त्यांचा ऑर्थोडॉक्स, अशा दोन्ही पंथांचा ईस्टर एकाच रविवारी, 20 एप्रिलला होता.

मुलीने अंडं खिडकीपाशी नेऊन उजेडात फिरवलं. "यायाचं जास्त लाल असतं," म्हणाली, आणि माझं अंडं खिशात घातलं.

2026 मध्ये आमचा ईस्टर 5 एप्रिलला, त्यांचा 12 ला. मी 9 तारखेच्या गुरुवारीही पातेलं चढवणार आहे. सालं आतापासूनच कापडी पिशवीत साठवतेय.