वाघूरची चौथी गोळी

मंडळी, सापडलं एकदाचं! आपल्या शूटर गेममधली वाघूर बंदूक एवढी मरतुकडी का वाटत होती ते कळलं, आणि बंदुकीचा त्यात काडीचाही दोष नाही.

उजळणी करत बसत नाही, फक्त आकडे ठेवतो. हेल्थ १००. सातपुडा रायफल: डॅमेज ३४, ६०० आरपीएम (मिनिटाला गोळ्या). तीन गोळ्या, मधे दोन गॅप, म्हणजे टीटीके (समोरच्याला मारायला लागणारा वेळ) २०० मिलिसेकंद. वाघूर एसएमजी (सबमशीनगन): डॅमेज २६, १००० आरपीएम. चार गोळ्या, तीन गॅप, १८०. जवळून वाघूर, लांबून सातपुडा, असा साधा हिशोब. पण वाघूर कुणी हातात धरायला तयार नाही. रावेर मॅपवरच्या केळीच्या बागेत अगदी समोरासमोर गाठ पडली तरी सातपुडावाला बरोबरीत सुटायचा, आणि बागेबाहेर तर त्याचंच राज्य.

मग नेहमीचा उद्योग, बफ, म्हणजे आकडे वाढवून बंदूक जोरदार करायची. आरपीएम ११०० केले. अमळनेरचा गडी व्हॉइसवर लगेच, "हाई आते भारी चाली ऱ्हायनी भो!" धुळ्याच्या पार्टीने तर ओव्हरपॉवर म्हणून बोंब ठोकली. १२०० केले, तर ती खरंच राक्षस झाली. मधलं काही नाहीच! शेवटी सर्व्हरवर प्रत्येक गोळी कोणत्या टिकला (गेमच्या घड्याळाच्या ठोक्याला) सुटते त्याचा लॉग काढला.

आपण वापरतो त्या गोडो गेम इंजिनमध्ये फिजिक्स टिक डीफॉल्टने सेकंदाला ६०. म्हणजे एक टिक १६.६७ मिलिसेकंदांचा, आणि गोळी सुटणार ती टिकवरच. १००० आरपीएमला गॅप हवा ६० मिलिसेकंद, म्हणजे ३.६ टिक. पण गोळी सुटली की टायमर शून्यावर, म्हणून पुढची थेट चौथ्या टिकला. गॅप झाला ६६.६७, म्हणजे रोकडे ९०० आरपीएम. वाघूरचा टीटीके? २००. सातपुड्याइतकाच! ११०० ला ३.२७ टिक, तेही चारवरच. १२०० ला बरोबर तीन टिक, आणि टीटीके धाडकन १५०. म्हणजे ९०० पासून १२०० च्या अलीकडचा कुठलाही आकडा टाका, बंदूक एकच. (आपली दुसरी बंदूक गिरणा ७०० ची आहे ना? ती इतके दिवस ६०० वरच चालतेय. तक्रार एकानेही केली नाही.)

आणि ११०० वर गेमात कणभरही फरक पडला नव्हता, तरी निम्म्यांना ती भारी वाटली. यापुढे पॅच नोट्स (काय बदललं त्याची यादी) मॅच झाल्यावर. आधी खेळा, मग वाचा.

टिक १२० करा असं कुणीतरी सुचवेलच. करून बघा: ६० मिलिसेकंद म्हणजे ७.२ टिक, ते जातात आठवर, पुन्हा ६६.६७. जुन्या लॅपटॉपांवर दुप्पट भार टाकायचा आणि हाती भोपळा. भुसावळच्या मे महिन्यात तर ते तसेही दुपारी दम टाकतात, म्हणून टेस्ट रात्री दहानंतरच. खरा उपाय एका ओळीचा आहे: टायमर शून्य न करता त्यातून एक गॅप वजा करायचा, म्हणजे उरलेला अपूर्णांक पुढच्या गोळीच्या खात्यात जमा होतो. यूट्यूबवरचे शूटर ट्यूटोरियल सर्रास शून्यवालीच ओळ शिकवतात. पिस्तुलाला ती चालते. एसएमजीचं वाटोळं करते.

आता वाघूर टिक ०, ४, ८ आणि ११ ला सुटते. लॉगमध्ये तो ११ दिसला तेव्हा रात्री एक वाजता चहा टाकला. चौथी गोळी १८३ ला, सातपुड्याची तिसरी २०० ला. वाघूर एका टिकने पुढे!

आणि चहा संपेपर्यंत उत्साह उतरला. एक टिक म्हणजे १७ मिलिसेकंद. आपल्यातले अर्धे हॉटस्पॉटवर खेळतात, त्यांचं पिंगच (सर्व्हरपर्यंत जाऊन यायचा वेळ) याहून जास्त वरखाली होतं. एवढ्याशा फरकावर कुणी बंदूक निवडेल का?

म्हणून आता टीटीकेच्या शीटला सोडचिठ्ठी. सगळ्या बंदुकांचा टीटीके सारखा करणं म्हणजे बॅलन्स, हे मला पहिल्यापासून पटत नव्हतंच. काउंटर-स्ट्राइकमध्ये एके-४७ हेल्मेटवरही एका हेडशॉटमध्ये मारते, समोरच्या टीमची एम-फोर रायफल नाही मारत. सारख्या नाहीतच. एडब्ल्यूपी स्नायपर गेममधल्या ४७५० डॉलरची, तिथे किंमतच लगाम. २०१८ मध्ये ऑग रायफल ३३०० वरून ३१५० ला आणली, तर प्रो खेळाडू एम-फोर टाकून तिच्यामागे. २०१९ मध्ये परत ३३०० करावी लागली. बीजीएमआयमध्ये एडब्ल्यूएम स्नायपरसाठी एअरड्रॉपची, म्हणजे आकाशातून पडणाऱ्या पेटीची वाट बघायची. व्हॅलोरंटमध्ये व्हँडल आणि फँटम दोन्ही रायफली २९०० ला, आणि कुठली घ्यावी हा वाद अजून मिटलेला नाही. मला तसा वाद हवाय. ही बंदूक अमुक जागी, अमुक माणसाच्या हातात भारी, आणि समोरच्याकडे तिला काहीतरी तोड आहे. तोडच नसेल तर टीटीके कितीही जुळवा, लोक कंटाळून निघून जातात.

आपल्या लळिंग स्नायपरचं तेच. हेलो ३ या गेमच्या वेळी डिझायनर जेमी ग्रिसमर यांनी स्नायपरच्या दोन गोळ्यांमधला वेळ ०.५ वरून ०.७ सेकंद केला आणि २०१० च्या जीडीसी या गेम डेव्हलपरांच्या परिषदेत त्या एका बदलावर अख्खं व्याख्यान दिलं. लळिंगही मी ०.७ वरच ठेवलीय. आता रावेर मॅप आठवा. खोडं दीड-दीड मीटरवर, खऱ्या बागेसारखी. ओळीच्या तोंडाशी उभं राहिलं की आरपार दिसतं, ४५ अंशात जरा अरुंद फट, बाकी कोनांत पानंच पानं. धावण्याचा वेग सेकंदाला पाच मीटर, म्हणजे एक ओळ ओलांडायला ०.३ सेकंद. लळिंगची एक गोळी हुकली की वाघूरवाला दोन ओळी पार! ही झाली तोड. आणि ती बंदुकीत नाही, लागवडीच्या अंतरात आहे.

खरं तर वाघूरवाल्याचा वेग ५.५ करतो असं इथे लिहिणार होतो. नको. हे लिहिता लिहिताच सुचलं: अर्धी बाग जोडओळ पद्धतीने लावतो. जोडीत दोन ओळी चिकटून, मग एक रुंद पट्टा. रुंद पट्टा लळिंगचा, जोडीच्या आतली बोळ वाघूरची, आणि सातपुडावाल्याने बांधावर बसून ठरवावं कुणाला आधी गाठायचं. बंदुकांच्या आकड्यांना हात लावायचा नाही. गिरणाच्या ७०० लाही सध्या नाही. टायमर सुटल्यावर ती खरीखुरी ७०० वर गेलीय, आधी ती कशी वागते ते बघू.

पट्टा किती रुंद ठेवायचा यावर अडलोय. शेती करणाऱ्यांनी आपल्या बागेतलं अंतर कळवा. नवी आवृत्ती (बिल्ड) शनिवारी टाकतो. हॉटस्पॉटवाल्यांनी मॅचनंतर पिंगचा स्क्रीनशॉट पाठवायचाच, आणि धुळ्याच्या पार्टीने बोंब मारण्याआधी लॉग.