ऑफर लेटर शेवटच्या पानापासून वाचावे

मनुष्यबळ विभागात नोकरी करत असल्यामुळे पुण्यातील ओळखीपाळखीची तरुण मंडळी मला हमखास विचारतात, "बारा लाखांची ऑफर आली आहे, घेऊ का?" तुम्हीही तेच विचारलेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो. पगाराचा आकडा पहिल्या पानावर ठळक छापलेला असतो आणि तो कधी मिळणार नाही किंवा कधी परत द्यावा लागेल, हे शेवटच्या पानांवर असते. त्यामुळे मी पत्र मागून वाचायला घेतो.

तरीही आधी त्या बारा लाखांची फोड करू. समजा, बेसिक, म्हणजे मूळ पगार, निम्मे, म्हणजे वर्षाला 6 लाख आहे. त्याच्या 12 टक्के दराने कंपनीचा पीएफचा वाटा 72 हजार आणि 4.81 टक्के दराने ग्रॅच्युइटी (नोकरी सोडताना मिळणारी एकरकमी रक्कम) सुमारे 29 हजार होते. दोन्ही रकमा सीटीसीतच, म्हणजे कंपनी तुमच्यावर वर्षाला करणार असलेल्या एकूण खर्चाच्या त्या बारा लाखांतच, धरलेल्या असतात. आरोग्य विम्याचा हप्ता 15 हजार आणि व्हेरिएबल, म्हणजे कामगिरीनुसार कमी-जास्त मिळणारा भाग, 1 लाख 20 हजार धरले, तर बारा महिन्यांत वाटण्यासाठी सुमारे 9 लाख 64 हजार उरतात. त्यातून तुमचा स्वतःचा पीएफ महिना 6 हजार आणि व्यवसाय कर 200 रुपये (फेब्रुवारीत 300) वजा झाल्यावर हातात साधारण 74 हजार पडतात. ज्याने मनात महिना लाखाचा हिशेब करून घराचा हप्ता ठरवला, त्याची पंचाईत पहिल्याच महिन्यात होते. पीएफ तुमचाच आहे, तो बुडत नाही. पण ग्रॅच्युइटी मिळण्यासाठी कायम नोकरीत सर्वसाधारणपणे सलग 5 वर्षे काढावी लागतात. व्हेरिएबलचे तर विचारूच नका. गेल्या वर्षी तुमच्या विभागात ते प्रत्यक्षात किती टक्के दिले, हा प्रश्न एचआरला बेधडक विचारावा. उत्तराला फाटे फुटू लागले, की ती रक्कम हिशेबात शून्य धरावी.

आता शेवटची पाने. तिथे नोटीस पिरियड, जॉइनिंग बोनसची वसुली आणि असल्यास बाँड (ठरावीक काळाआधी नोकरी सोडल्यास पैसे भरण्याची अट) यांचा उल्लेख असतो. अनेक आयटी कंपन्यांत नोटीस 90 दिवसांची असते, आणि पुढची कंपनी मात्र महिन्याभरात रुजू व्हा म्हणते. नोटीस पुरी न करता निघाल्यास उरलेल्या दिवसांचे पैसे कोण भरणार, हे आजच लेखी ठरवता येते. नोकरी सोडल्यावर प्रतिस्पर्धी कंपनीत जायचे नाही, अशी अट 1872 च्या भारतीय करार कायद्याच्या कलम 27 पुढे सहसा टिकत नाही, आणि त्यावर विसंबून अनेकजण बाँडलाही कागदी वाघ समजतात. तसे समजू नये. विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांच्या आत नोकरी सोडणाऱ्या अधिकाऱ्याकडून 2 लाख रुपये घेण्याची अट सर्वोच्च न्यायालयाने मे 2025 मध्ये वैध ठरवली आहे.

घरापासूनचे अंतर, कामाच्या वेळा, आई-वडील विम्यात येतात की नाही, या गोष्टी प्रत्येकाच्या घरच्या परिस्थितीवर अवलंबून असतात, म्हणून त्यांत मी फार पडत नाही. हडपसरहून रोज हिंजवडी गाठायची असेल, तर मात्र ऑफर स्वीकारण्याआधी एकदा कामाच्या दिवशी, ऐन गर्दीच्या वेळी जाऊन यावे, एवढे सांगतो.

एका गोष्टीचा आग्रह मात्र मी धरतो. ज्यांच्या हाताखाली काम करायचे, त्यांच्याशी मुलाखतीव्यतिरिक्त अर्धा तास बोलण्याची वेळ मागून घ्यावी आणि ही जागा नवीन आहे की कोणी सोडून गेल्यामुळे रिकामी झाली, हे विचारावे. सोडून गेली असल्यास ती व्यक्ती तिथे किती काळ होती आणि त्याआधीची किती काळ होती, हेही विचारायला संकोच करू नये. लागोपाठ दोघेजण वर्षाच्या आत गेले असतील, तर पगार दोन लाखांनी वाढवून दिला तरी मी होकाराची घाई करू देत नाही. भेट टाळली गेली किंवा "रुजू झाल्यावर बोलूच" असे उत्तर आले, तर सध्याच्या नोकरीचा राजीनामा तूर्त देऊ नये. तसाही तो, सर्व अटींसह सही-शिक्क्याचे पत्र हाती येईपर्यंत, फोनवरच्या शब्दावर देऊ नये.