आत्या कोण होणार?

"बाळाची आत्या कुठंय?"

ठाण्यात, नौपाड्यातल्या त्या छोट्या हॉलमधल्या बारशात क्षणभर कुणीच बोललं नाही. बाळाचा बाबा एकुलता एक.

मग शेजारच्या काकू पदर खोचून पुढे आल्या. "नाव मी सांगते. पण मग मला कायम आत्याच म्हणायचं हं!"

सगळं पाठ त्यांना. आधी वरवंट्याला कुंची घालून तो पाळण्याच्या खालून-वरून द्यायचा, 'कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या' म्हणत. मग बाळ. नाव कानात हळूच, 'कुर्रर्र' मोठ्यानं, आणि आत्याच्या पाठीवर बायकांचे धपाटे. घुगऱ्यांचे हरभरेही त्यांनीच रात्री भिजत घातलेले. चार तासांवर भागवलं की गाभा टणक राहतो.

त्यांचं ते 'कायम आत्याच म्हणायचं' दिवसभर डोक्यात आहे. आईबाबा दोघंही एकुलते असले की बाळाला सख्खी आत्या नाही, मावशी नाही. काका-मामाच नाहीत, तर काकू-मामी कुठून येणार? इंग्रजीतली एक 'आंटी' आपल्याकडे चार नात्यांत वाटलेली, प्रत्येकीचा मान वेगळा. किती प्रेमानं त्या काकूंनी तो उचलला!

तुमच्या मजल्यावर अशी कोण आहे?