नाकावर बोट आणि लहान मेंदू

समोरच्याच्या बोटाला आणि मग स्वतःच्या नाकाला बोट लावा. कोपर वाकवणारा स्नायू ओढत असताना दंडामागच्या स्नायूने ब्रेक नेमका कधी लावायचा, ही वेळ लहान मेंदू साधतो. हुकूम मोठ्या मेंदूचा. लहान मेंदू तो हुकूम आणि स्नायू-सांध्यांकडून, आतल्या कानाकडून आलेली खबर ताडून बघतो, आणि तफावत दिसली की दुरुस्ती पाठवतो.

लहान मेंदू बिघडून ब्रेक उशिरा लागला की बोट गालावर जातं. मग दुरुस्ती, तीही जरा जास्तच, म्हणून नाकाजवळ येता येता थरथर वाढते. पार्किन्सनची थरथर बहुधा हात मांडीवर निवांत असताना दिसते. या दोन थरथरींची गल्लत फार होते.

लहान मेंदूचा उजवा भाग उजवाच हात सांभाळतो, मोठ्या मेंदूसारखी उलटापालट नाही. मधला पट्टा बिघडला तर बोट कदाचित बरोबर लागेल, पण माणूस पाय फाकवून, झोकांड्या खात चालेल. म्हणून नुसता हात तपासून थांबू नये. टाचेला अंगठा भिडवत १० पावलं चालवावं, आपण शेजारी राहून. डोळे मिटल्यावरच तोल जात असेल, तर आधी पायांच्या संवेदना आणि आतला कान तपासा.