बर्फाखालच्या वाटा आणि अण्णांची द्राक्षं

मार्चच्या दुसऱ्या रविवारी इथली घड्याळं तासभर पुढे सरकतात. तेव्हापासून मिनेसोटातले सकाळचे आठ म्हणजे दिंडोरीतले संध्याकाळचे साडेसहा. अण्णा बागेतून येऊन चहाला टेकलेले असतात आणि मी फोन खिडकीकडे वळवून त्यांना परसदार दाखवते.

सध्या दाखवण्यासारखं बरंच आहे. चार महिने साचलेला बर्फ कडेकडेनं विरतोय आणि खालच्या पिवळ्या गवतावर नागमोडी वाटा उघड्या पडल्यात. कुणी बोटानं रांगोळी रेघाटावी तशा. हे काम वोल नावाच्या आखूडशेपटी उंदरांचं. बाहेर उणे पंचवीस असलं तरी जाड बर्फाखाली, जमिनीलगत तापमान शून्याच्या आसपासच राहतं. म्हणजे आम्ही हीटरचं बिल भरत होतो तेव्हा ही मंडळी गोधडीखाली गवताची मुळं कुरतडत फिरत होती!

सफरचंदाच्या रोपाची साल मात्र जमिनीपासून दोन फुटांवर सोललेली दिसली. इतक्या उंच कोण पोचलं? नंतर लक्षात आलं, सशाचं काम. भर हिवाळ्यात तो साचलेल्या बर्फावर उभा राहून जेवला. जमीन खाली गेली, खूण वर राहिली. अण्णांना दाखवलं, तर बागाईतदाराचा निकाल लगेच: "बुंध्याला जाळी बांध. आणि पुढच्या साली आणखी वर बांध."

खरी गंमत दाण्यांवरून होते. मी सूर्यफुलाच्या बियांची गोणी विकत आणते हे ऐकून पहिल्या वर्षी ते फोनवरच हसत सुटले होते. "काय गं, आम्ही इथं डबे बडवून भोरड्या हाकलतो अन् तू तिकडं पैसे देऊन पाखरं बोलवते?" त्यांचंही बरोबर आहे. ऐन काढणीत भोरड्यांचा थवा द्राक्षाच्या बागेवर उतरला की काय होतं ते मी पाहिलंय. लहानपणी गोफण माझ्याही हातात होती. नेम कधी लागला नाही, ही गोष्ट वेगळी.

आता तेच विचारतात, "ती काळी-पांढरी गेली का?" ती म्हणजे जुंको. राखाडी पाठीचा, पांढऱ्या पोटाचा, चिमणीएवढा पक्षी. हिवाळाभर माझ्या अंगणात सांडलेलं टिपतो आणि ऊन वाढलं की उत्तरेला निघतो. भोरड्याही याच सुमारास नाशिक सोडून मध्य आशियाकडे जातात. जुंकोची जागा रॉबिननं घेतलीय. मऊ झालेल्या मातीतून तो गांडूळ ओढतो, रबर ताणावं तसं. इथली गांडुळं मूळची इथली नाहीत, बाहेरून आलेली. माझ्यासारखीच, पण जास्त कामाची.

परवा चिपमंक बिळातून वर आला. खारीएवढा, पाठीवर तसेच पट्टे. दोन्ही गालांत बिया कोंबून, तोंड गालगुंड झाल्यासारखं करून पळाला. आई मागून डोकावली. म्हटलं, "बघ, रामानं याच्याही पाठीवरून बोटं फिरवलीत."

"आमचा राम पंचवटीतून लंकेला गेला," आई म्हणाली, "अमेरिकेला कधी आला होता?"

अण्णांचं लक्ष अजून त्या गालांवर होतं. "किती बसतात गं एका टायमाला?"

उद्या मोजून सांगणार आहे.