मशीन बदलताय? मग सेटिंग्जपण घ्या, नुसत्या फाइल्स नको

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि तेव्हापासून सांगलीत जिकडंतिकडं नवीन मशीन यायला लागलंय, कारण बऱ्याच जुन्या पीसीला विंडोज ११ चालतच नाही, त्याला टीपीएम २.० म्हणजे सुरक्षेची एक चिप लागते. आणि मशीन बदलताना सगळीकडं एकच पद्धत, डी ड्राइव्ह कॉपी केला, टॅलीचा डेटा घेतला, फोटो घेतले, झालं. मग दुसऱ्या दिवशी फोन, की अहो माझे शॉर्टकट कुठं गेले, आधी आपोआप यायचं ते आता का येईना.

माझं ठाम मत आहे की सेटिंग्ज हासुद्धा डेटाच आहे, आणि कधीकधी फाइल्सपेक्षा जास्त मोलाचा. गणपती पेठेकडं एक ओळखीच्या ताई डीटीपी, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची मांडणी, करतात, लग्नपत्रिका, बारशाची कार्डं, सगळं. त्यांनी वर्डच्या ऑटोकरेक्टमध्ये (छोटा शब्द टाइप केला की ठरवलेला मजकूर आपोआप उमटवणारी सोय) वर्षानुवर्षं भर घातलीये, "चिसौ" लिहून स्पेस दिली की "चि. सौ. कां." उमटतं, अजून दोन अक्षरांत अख्खा निमंत्रणाचा मायना येतो, आणि डिक्शनरीत कवठेमहांकाळपासून आटपाडीपर्यंतची गावं नि आडनावं. लग्नसराईत त्यांचा हात चालतो तो ह्याच्यावर. हे सगळं परत उभं करायचं म्हणजे एवढ्या वर्षांची मेहनत परत करायची, आणि ती आठवून आठवून कोण करणार!

आता हे असतं कुठं. रन (विंडोजचं बटण आणि आर) उघडायचं, दोन टक्क्याच्या चिन्हांच्या मध्ये ॲपडेटा लिहायचं (इंग्रजीत टाइप करा) आणि एंटर. तिथं मायक्रोसॉफ्टच्या फोल्डरात ऑफिस म्हणून फोल्डर आहे, त्यात एमएसओ आणि पुढं भाषेचा नंबर अशा नावाच्या एसीएल फाइल्स, अमेरिकन इंग्रजीचा नंबर १०३३, मराठीचा ११०२. साध्या एंट्री ह्यात असतात, पण मायन्यासारख्या लांबलचक, फॉरमॅटिंगसकट ठेवलेल्या एंट्री असतात त्या मायक्रोसॉफ्टच्याच फोल्डरातल्या टेम्प्लेट्स फोल्डरातल्या नॉर्मल डॉट डॉटएम मध्ये, म्हणून दोन्ही घ्यायच्या. डिक्शनरीत स्वतः घातलेले शब्द तिथल्याच यूप्रूफ फोल्डरात, कस्टम डॉट डिक. आणि कॉपी करताना वर्ड दोन्ही मशीनवर बंद पाहिजे, नाहीतर बंद होताना तो तुमच्या फाइलवर स्वतःची लिहून टाकू शकतो.

पण सगळंच असं फाइलीत सापडत नाही. विंडोज ९५ पासून पुष्कळ सॉफ्टवेअर आपल्या गोष्टी रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या सामायिक कोठारात, ठेवतात, आणि ती आख्खी उचलून दुसरीकडं टाकायचा उद्योग अजिबात करू नका. ज्या सॉफ्टवेअरला स्वतःचा एक्स्पोर्ट आहे तिथं तोच वापरा. कोरलमध्ये वर्कस्पेस एक्स्पोर्ट होतो, फोटोशॉपमध्ये ॲक्शन (रेकॉर्ड करून ठेवलेल्या कामाच्या पायऱ्या) सेव्ह करता येतात. कोरलवाल्यांनी तर हे आजच करा, कारण सुरू होताना एफ८ दाबून धरलं की वर्कस्पेस मूळ अवस्थेत जातो, मांडून ठेवलेले टूलबार गेले.

फायरफॉक्स मला ह्याच कारणासाठी आवडतो, अख्खं प्रोफाइल एका फोल्डरात, उचललं की बुकमार्क, पासवर्ड, एक्स्टेन्शन सगळं येतं. फक्त नव्या व्हर्जनचं प्रोफाइल जुन्या व्हर्जनमध्ये उघडायला जाऊ नका, ६७ व्या व्हर्जनपासून तो ते अडवतो. क्रोमचं तसं नाही, विंडोजवर त्याचे पासवर्ड तुमच्या विंडोज अकाउंटशी बांधून एन्क्रिप्ट केलेले असतात, त्यामुळं नुसता फोल्डर नेऊन पासवर्ड मिळत नाहीत, सिंक चालू करा नाहीतर पासवर्ड एक्स्पोर्ट करा, आणि वापरून झाली की ती फाइल पुसा, त्यात सगळं उघडं लिहिलेलं असतं.

अजून एक, नवीन मशीनवर युजरचं नाव आणि ड्राइव्हचं अक्षर जुनंच ठेवा. सेटिंगच्या फाइलीत पूर्ण पाथ लिहिलेला असतो, नाव बदललं की सॉफ्टवेअर डेटा शोधत बसतं.

आणि ह्या सगळ्याची एक कॉपी सांगलीबाहेर, म्हणजे गूगल ड्राइव्हवर नाहीतर पाव्हण्यांकडं, असू द्या. ऑगस्ट २०१९ च्या पुरात आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं, धोक्याची पातळी ४५, आणि हरभट रोड, मारुती चौक सगळं पाण्यात. त्या वेळी कपाटावर ठेवलेला पेनड्राइव्हपण सुरक्षित होता असं म्हणवत नाही. वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजची पोरं आपल्या डॉटफाइल्स (सेटिंगच्या फाइली) गिटवर, म्हणजे बदलांची नोंद ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, टाकतात, बदल केला की ऑनलाइन चढवतात. आपल्याला गिट नको, पण वर्ड बंद असताना सेटिंग्जचा फोल्डर महिन्यातून एकदा झिप करून वर चढवायला काहीच वेळ लागत नाही.

जुनं मशीन मात्र लगेच विकू नका. लायसन्स त्या मशीनला बांधलेलं असेल तर आधी तिथं डीॲक्टिव्हेट करा, आणि एक पूर्ण महिना, जीएसटी रिटर्न भरून होईपर्यंत, ते बाजूला राहू द्या, कारण काही सेटिंग्ज महिन्यातून एकदाच लागतात आणि नाही म्हणून कळतं ते तेव्हाच.